आधी काइट लहान करा

मूल बोर्डवर उभं राहत नसेल, तर मुलाला काही सांगू नका. काइट खाली उतरवा आणि लहान लावा. काइटबोर्डिंगच्या शाळेकडे लहान काइट नसेल, तर त्या दिवसापुरतं सामान गुंडाळा, पोराला शहाळं पाजा आणि घरी या. मुलांच्या काइटबोर्डिंगबद्दल माझं मत एवढंच आहे. पण ते सांगितलं की मोरजीच्या किनाऱ्यावर कुणाचे ना कुणाचे बाबा माझ्याशी वाद घालायला येतात. हे सविस्तर त्यांच्यासाठी.

मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, दवाखाना सावंतवाडीत. आठवडाभर मुलांचे गुडघे, घोटे आणि पाठी बघते. पस्तिशी उलटल्यावर गोव्यात काइटबोर्डिंग शिकले आणि आता हंगामात जमेल त्या रविवारी मोरजी गाठते. सध्या सोबत बहिणीची मुलगी असते, मनू. वय दहा, वजन २८ किलो. तिला शिकवतो मोरजीचाच एक तरुण प्रशिक्षक. मी पाण्यात त्याची मदतनीस. मनूचं वजन लक्षात असू द्या, पुढचा बराचसा हिशेब त्यावरच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कमरेला हार्नेस, हार्नेसच्या हुकात अडकवलेला बार, बारपासून निघालेल्या वीस-बावीस मीटरच्या चार दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला कमानीसारखी काइट आणि पायांत बोर्ड. वारा काइटला ओढतो, काइट माणसाला ओढते, बोर्ड पाण्यावरून धावतो. काइटच्या पुढच्या कडेत पंपाने हवा भरलेली असते. ही युक्ती फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांची. १९८४ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. हवा भरलेली काइट बुडत नाही, पाण्यात पडली तरी पुन्हा उडवता येते. मुलं ती शेकडो वेळा पाडतात, त्यामुळे या भावांचे उपकार सगळ्यात जास्त मुलांवर आहेत.

वॉटर स्टार्ट म्हणजे पाण्यात पाठीवर पडलेलं असताना, काइटच्या ओढीवर बोर्डवर उभं राहून निघणं. मोठ्यांचंही इथेच अडतं. काइट उडवणं जमलेलं असतं, पोहणं येत असतं, बोर्ड पायांत असतो, आणि तरी माणूस उठत नाही. मोठा माणूस उठला नाही की आपण म्हणतो, आज वारा बरोबर नव्हता. मूल उठलं नाही की म्हणतो, घाबरतंय. हा दुजाभाव मला पटत नाही.

भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केलेत. मोरजीला ते अंगावर घेता येतात. दिवस चढला की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येऊ लागते. दुपारी बारा-एकनंतर वायव्येकडून हा खारा वारा सुरू होतो, किनाऱ्याला तिरका. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत तो चांगला भरतो, तरी साधारण दहा ते पंधरा नॉटच, म्हणजे ताशी १८ ते २८ किलोमीटर. ७५ किलोच्या माणसाला हा तोकडा पडतो; तो बारा-चौदा चौरस मीटरची काइट लावतो आणि तरीही कुरकुरतो. मुलांसाठी मात्र हाच वारा सोन्यासारखा आहे. तो एका लयीत वाढतो, सूर्य कलला की उतरतो आणि काही बिनसलं तर माणसाला किनाऱ्याकडेच आणून टाकतो. पहाटेचा मतलई वारा याच्या उलट, जमिनीकडून समुद्राकडे. त्या वाऱ्यात मुलाच्या हातात काइट द्यायची नाही. या एका नियमाला माझ्याकडे अपवाद नाही.

आता हिशेब. ७५ किलोच्या माणसाला ज्या वाऱ्यात तेरा मीटरची काइट लागते, त्या वाऱ्यात २८ किलोच्या मुलीला साधारण पाच मीटरची पुरते. शाळांकडे सगळ्यात लहान काइट बहुधा सात किंवा आठ मीटरची असते, कारण गिऱ्हाईक मोठ्यांचं. मग मुलाला तीच मिळते. 'काही होत नाही, वारा कमी आहे,' असं सांगितलं जातं. मनूच्या वजनाला आठ मीटरची काइट देणं म्हणजे ७५ किलोच्या बाबांना एकवीस मीटरची देणं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एकाही बाबाने ती हातात घेतली नसती.

शिवाय वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वारा बारा नॉटवरून सतरावर गेला की ओढ दुप्पट. मोठ्या माणसाला अशी झुळूक आली तर तो बोर्डची कड पाण्यात रुतवून ती अंगावर घेतो. २८ किलोकडे रुतवायला वजनच नसतं. ते उचललं जातं.

एका रविवारी मनू अशीच पाठीवर पडून होती, काइट डोक्यावर, बोर्ड पायांत. खाली आणायची, अर्ध्यावरून परत वर न्यायची. पुन्हा तसंच. किनाऱ्यावरून मनूचे बाबा, म्हणजे माझे भावोजी, ओरडले, "ती घाबरता गो! जरा जोरात सांग तिका!"

मी म्हटलं, "भावोजी, ती घाबरलेली नाही. ती हलकी आहे."

त्यांना ते पटलं नाही. पण मनू काय करत होती ते नीट पाहा. काइट डोक्यावर असते तेव्हा तिची ओढ सगळ्यात कमी. ती झपकन खाली आणली, म्हणजे डाइव्ह मारली, की ओढ येते, आणि त्याच ओढीवर उठायचं असतं. काइट मोठी असेल तर मुलाच्या अंगाला हे पहिल्या दोन झटक्यांतच कळतं. मग हात आपोआप ती अर्ध्यावर अडवतो. अर्ध्यावर अडवलेल्या काइटला उठवण्याइतकी ओढ नसते, म्हणून मूल उठत नाही. आपण बाहेरून बघतो आणि निदान करतो, धाडस कमी आहे. खरं तर त्या मुलाचं गणित आपल्यापेक्षा बरोबर असतं. ते तुमचं ऐकून खरोखर जोरात डाइव्ह मारतं, तेव्हा बोर्डवरून पुढे फेकलं जातं, नाकातोंडात पाणी जातं आणि पुढचे सगळे प्रयत्न मागे रेलून होतात. ही मागे रेलायची सवय मोडायला मग पुढचा सगळा हंगाम जातो.

आपल्याकडे शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतात, तशी वाढत्या अंगाची काइट घेऊन चालत नाही. दवाखान्यात रोज हेच बघते. "मुलगा सारखा पडतो हो, लक्षच नसतं त्याचं," असं आई सांगते आणि मुलाच्या पायात दोन नंबर मोठे बूट असतात.

हार्नेसचंही तेच. मोठी माणसं कमरेचा हार्नेस घालतात. तो ओटीपोटाच्या हाडांवर बसतो. दहा वर्षांच्या मुलाला कंबर म्हणून वेगळी नसतेच. छातीपासून मांडीपर्यंत सगळं सरळ. काइटने ओढलं की हार्नेस सरकत बरगड्यांवर येतो, श्वास कोंडतो, बार हनुवटीपाशी पोचतो. अशा अवस्थेत कुणी उठून दाखवावं. मुलांना मांड्यांभोवती पट्टे असलेला, बैठकीचा हार्नेस लागतो. तो वर सरकत नाही. एका शाळेत आम्हाला मोठ्यांचाच हार्नेस आत टॉवेल गुंडाळून बसवून दिला. "घट्ट बांधलाय मॅडम, चालेल." मी चालू दिलं नाही. पैसे परत मिळाले नाहीत, तो भाग वेगळा.

तिसरी गोष्ट हाताची लांबी. बार पुढे-मागे सरकतो. जवळ घेतला की ओढ वाढते, दूर सोडला की कमी होते. बार पूर्ण दूर गेल्यावर तो मुलाच्या हाताला पोचतच नसेल, तर मूल खांद्यातून ताणतं, मग अंग वळतं, मग काइट भलतीकडे. हा पल्ला आखूड करता येतो. मुलांचे बार रुंदीलाही लहान मिळतात. दोऱ्याही आखूड लावता येतात. काइटला डाइव्ह मारायला अंतर कमी मिळतं आणि ओढ कमी साचते. यातलं काहीच अवघड नाही. कुणीतरी मुलाच्या हाताकडे बघायला हवं इतकंच.

लहान काइटचा एक दोष आहे, तो लपवत नाही. ती चपळ असते. मोठी काइट बैलगाडीच्या वेगाने वळत असेल तर ही डोळ्याचं पातं लवायच्या आत वळते, आणि मूल सावरायच्या आधी पाण्यात आपटते. म्हणून काइट उडवणं हे आधी वाळूवर पक्कं व्हायला हवं, बोर्ड दिसायच्याही आधी. दोन मीटरची सरावाची काइट मिळते, तिच्यावर. मनूला मी एक परीक्षा लावली होती. काइट डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी धरायची, तिच्याकडे बघायचं नाही आणि १७ चा पाढा म्हणायचा. पाढा चुकला की काइट हलते, काइट सावरली की पाढा अडकतो. दोन्ही एकदम जमलं की समजायचं, हात आता डोक्याला न विचारता काम करतोय. पाण्यात डोकं बोर्डकडे असणार, नाकात शिरलेल्या पाण्याकडे असणार. काइटसाठी ते मोकळं मिळणार नाही. काही पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. तासाचे पैसे देऊन पोरगं वाळूवर पाढे म्हणतंय.

संक्रांतीला पतंग उडवलेल्या मुलांचा हात यात लवकर बसतो, पण एक खोड ते सोबत आणतात. गडबड झाली की खेचायचं. पतंगाला खेच दिली की तो नाकासमोर पळतो. इथे बार खेचून धरला की एका मर्यादेनंतर काइटला उडायला हवाच मिळत नाही आणि ती मागे मागे येत पाण्यात बसते. वॉटर स्टार्ट फसण्याचं मोठ्यांतलं आणि लहानांतलं सगळ्यात मोठं कारण हेच. ओढ आली की माणूस आधारासाठी बारला लटकतो. मनूला सांगितलं होतं की बार धरायची वस्तू नाही, फिरवायची आहे. तुला धरून ठेवायला हार्नेस आहे. हार्नेस बरोबर बसला तेव्हाच तिला ते पटलं. आधी पटण्यासारखं नव्हतंच.

आणि खेचण्याच्या आधी सोडणं यायला हवं. बार हातातून सोडला की काइटची बरीचशी ओढ जाते. तेवढ्याने भागलं नाही तर हुकाजवळचं लाल क्विक रिलीज ढकलायचं. मग काइट एकाच दोरीवर लोंबकळत खाली पडते. तरीही ओढत असेल तर ती दोरी हार्नेसला जोडणारी लीशही सोडायची. या सुटकेच्या यंत्रणेसाठी २०२० पासून आयएसओ २१८५३ हे मानक आहे. पण मानक यंत्रणेचं असतं, समोरच्या मुलाच्या पंज्याचं नसतं. दहा वर्षांच्या ओल्या, गारठलेल्या हाताला ती ढकलता येते का, हे वाळूवर, अंगावर खरा ताण देऊन बघावं लागतं. मी हार्नेसचा हुक पकडून मागे रेलते आणि मनूला रिलीज करायला लावते. दर वेळी, पाण्यात जाण्याआधी. तिला कंटाळा येतो, मलाही येतो. ज्या शाळेत मुलाकडून हे न करवता थेट बोर्ड देतात, तिथून निघून या.

मधल्या पायऱ्या चटकन सांगते. बोर्डशिवाय काइटच्या ओढीने पाण्यातून सरपटणं, म्हणजे बॉडी ड्रॅग. मग वाऱ्याच्या उलट्या अंगाला सरपटत जाऊन निसटलेला बोर्ड परत आणणं. पाण्यात पडलेली काइट उठवणं. ज्या मुलाला हे येतं त्याला पडण्याची भीती फारशी उरत नाही, कारण पडल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक असतं. दोऱ्यांना हात लावायचा नाही, हेही याच वेळी अंगवळणी पाडायचं. दोऱ्या डायनीमाच्या असतात, बारीक आणि विलक्षण मजबूत, ताणलेल्या असताना कातडी कापतात. काइट कुठे उतरवायची नाही, हेही तेव्हाच सांगायचं. मोरजीच्या टेंबवाड्याकडे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात आणि वनखातं तिथे घरट्यांना कुंपण घालतं. त्या बाजूला काइट उतरवायची नाही, हा नियम मोठ्यांना दर वर्षी नव्याने सांगावा लागतो. मुलं एकदा सांगितलं की पाळतात आणि इतरांवर नजरही ठेवतात.

आता उठण्याबद्दल. पाणी मुलाच्या कमरेइतकं. प्रशिक्षक मागे उभा, एक हात मुलाच्या पाठीवरच्या पट्ट्याला. मूल पाठीवर, पायांत बोर्ड, बोर्ड वाऱ्याला आडवा, काइट बाराला. गुडघे छातीशी, टाचा ढुंगणाजवळ; म्हणजे उकिडवं बसल्यावर असतात तसेच पाय, फक्त पाठीवर. इथे मला माझ्या धंद्यातलं एक गाऱ्हाणं मांडू द्या. शहरातल्या बऱ्याच मुलांना उकिडवं बसताच येत नाही. घरी कमोड, शाळेत बाक, जेवायला टेबल. टाच जमिनीला टेकवून बसायला सांगितलं की मागे कलंडतात. ही मुलं पाण्यात गुडघे जवळ घेऊच शकत नाहीत. पाय लांब राहतात, बोर्ड ओढीला आडवा येऊन ब्रेकसारखा अडतो आणि मूल त्याच्यावरून पुढे जातं. समुद्रावर यायच्या महिनाभर आधीपासून घरात रोज उकिडवं बसून शेंगा सोलायला लावा. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी हाच व्यायाम देते. फुकट आहे म्हणून फारसा कुणी मनावर घेत नाही.

डावीकडे जायचं असेल तर काइट आधी किंचित एकच्या दिशेला न्यायची आणि तिथून दहापर्यंत सोडायची, अडवायची नाही. ओढ येते, अंग आपोआप बोर्डच्या वर येतं. आपण उठायचं नसतं. उठवलं जायचं असतं. उभं राहिल्या राहिल्या बोर्डचं नाक वारा जातो त्या दिशेला वळू द्यायचं, म्हणजे बोर्ड धावायला लागतो. मग काइट पुन्हा वर आणि पुन्हा खाली. मोरजीला वाऱ्याकडे पाठ करून बसलं की डावीकडे किनारा आणि उजवीकडे खुला समुद्र असतो. मनूचे सुरुवातीचे सगळे स्टार्ट आम्ही डावीकडे करवले. उजवीकडचे नंतर. पुस्तकात दोन्ही बाजू सारख्या असतील. मुलाच्या मनात नसतात.

हे सगळं तुम्ही वाचलंत, आता यातलं मुलाला काय सांगायचं? जवळजवळ काहीच नाही. गुडघे वाकव, हात सरळ, पाठ ताठ, वर बघ, आता दाब, अशी पाच वाक्यं एकदम ऐकलेलं मूल पाचही विसरतं. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने १९९८ साली सहकाऱ्यांबरोबर स्कीइंगच्या यंत्रावर एक प्रयोग केला. काही जणांना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायांखालच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे सरस शिकले. पुढे अनेक खेळांत हेच दिसलं: शरीराचा अवयव सांगू नका, त्याने बाहेर काय घडायला हवं ते सांगा. वुल्फबाईंना ही कल्पना सुचली ती विंडसर्फिंगचा सराव करताना, हे मला फार आवडतं. म्हणून मनूला फक्त दोन गोष्टी सांगितल्या. काइट दहाला पोचव. आणि त्या निळ्या होडीकडे जा. होडी किनाऱ्यावर उलटी घालून ठेवलेली होती. होडीकडे बघायचं म्हटलं की मान वर राहते, नजर बोर्डवरून उठते, खांदा वळतो. यातलं काही वेगळं शिकवावं लागत नाही.

लहान काइट आणि बैठकीचा हार्नेस आणल्यावर ती त्याच दुपारी उठली, असं सांगितलं तर लेख छान होईल. तशी ती उठली नाही. त्या दुपारी तिने काइट पहिल्यांदा अर्ध्यावर न अडवता खालपर्यंत सोडली, आणि माझ्या लेखी तेच महत्त्वाचं होतं. उठणं पुढच्या खेपेला झालं, होडीच्या दिशेने पाच-सहा मीटर, आणि मग धपकन. भावोजी तेव्हा चहा आणायला गेले होते.

ते नव्हते म्हणून जमलं असं मी म्हणणार नाही, म्हणजे उघडपणे म्हणणार नाही. पण आईबाबांनी किनाऱ्यावर काय करावं, यावर माझं ठाम मत आहे. मोबाइल खिशात ठेवावा. कॅमेरा उगारलेला दिसला की मूल उठण्यासाठी नाही, दिसण्यासाठी उठायला बघतं, आणि घाईने पाय ताठ करतं. ओरडून सूचना देऊ नयेत. वाऱ्याविरुद्ध त्या अर्ध्याच पोचतात आणि अर्धी सूचना न दिलेलीच बरी. कोरडा टॉवेल, टोपी आणि काहीतरी खायला तयार ठेवावं. मुलांचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं, उष्णता लवकर जाते. गोव्याचं पाणी कोमट असलं तरी ओल्या अंगावर पंधरा नॉटचा वारा लागला की ओठ निळे पडतात, आणि गारठलेलं मूल काही शिकत नाही. वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात, मग बाहेर. बस.

यावर नेहमी येणारा प्रश्न मॅक्स मेडरचा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, काइट पहिल्यांदा आली. शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या. पुरुषांचं सुवर्ण ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटुसला, महिलांचं ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजला, आणि पुरुषांचं कांस्य सिंगापूरच्या मेडरला, वयाच्या सतराव्या वर्षी. तो सहाव्या वर्षी काइटवर आला हे बाबा लोकांना पाठ असतं. "बघा, सहाव्या वर्षी! आणि तुम्ही दहाव्या वर्षी वाळूवर पाढे म्हणवताय." त्याचं बालपण इंडोनेशियातल्या वाकाटोबी बेटांवर गेलं, आईवडील तिथे डायव्हिंगचं रिसॉर्ट चालवतात. समुद्र त्याच्या दारात होता. वारा नको तसा असला तर तो घरात जाऊ शकत होता, उद्या परत येऊ शकत होता. आपल्या मुलाला एक रविवार मिळतो, तोही दीड-दोन तास गाडीत बसून, आणि बाबांनी तासाचे पैसे भरलेले असतात. मेडरचं वय घ्यायचं आणि त्याची परिस्थिती सोडायची, हे मुलावर अन्यायाचं आहे. वयाला मी तसाही फारसा अर्थ देत नाही. मी वजन विचारते, पोहणं विचारते, आणि मूल सांगितलेलं एकदा ऐकतं का ते बघते.

खरं दुखणं त्या तासाच्या पैशांत आहे. शाळा दोन-दोन तासांचे वर्ग विकतात, कारण मोठ्यांना ते परवडतात आणि सोयीचे पडतात. मुलाचे दोन तास म्हणजे पंचवीस मिनिटं शिकणं आणि उरलेला वेळ थरथरणं. पालकाला पैसे वसूल करायचे असतात, प्रशिक्षकाला काहीतरी दाखवायचं असतं, आणि दाखवण्यासारखी गोष्ट एकच, मूल उभं राहिलेलं. मग मोठी काइट, जोरात डाइव्ह, मागून एक ढकल, आणि दोन सेकंदांचा व्हिडिओ. शाळांना दोष देऊन भागत नाही. इथल्या वाऱ्यात पाच मीटरची काइट मुलांखेरीज दुसऱ्या कुणाला चालत नाही. मागणी नसेल तर ती कोण घेऊन ठेवेल? आमच्या प्रशिक्षकाने आता एक घेतली आहे, जुनी, ठिगळ लावलेली. चार-पाच मुलं आळीपाळीने तिच्यावर शिकतात. अर्ध्या तासाचा दर त्याने वेगळा ठेवला आहे. त्याचं काही नुकसान झालेलं दिसत नाही.

हंगाम सुरू व्हायला वेळ आहे. रामेश्वरमला न्यायचा विचार असेल तर तिथलं उथळ, सपाट पाणी मुलांना मोरजीपेक्षा सोपं, पण वारा जास्त. म्हणजे काइट आणखी लहान हवी. कुठेही न्या, फोन कराल तेव्हा फी नंतर विचारा. तुमच्याकडची सगळ्यात लहान काइट किती मीटरची, मुलांचा बैठकीचा हार्नेस आहे का, आणि अर्ध्या तासाचा वर्ग घेता का, हे तीन प्रश्न आधी. फोन करण्यापूर्वी मुलाचं वजन करून ठेवा. ते त्यांनी आपणहून विचारलं तर शाळा चांगली आहे.